हॅले ते खग्रास: एका दशकाचा मागोवा

२० मे २०२५ रोजी खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर गेले आणि यवतमाळात श्रद्धांजलीच्या पोस्टचा पूर आला. ऐन लग्नसराई होती. त्या पाठवणाऱ्यांतल्या कितींनी त्याच आठवड्यात पत्रिका जुळवून घेतल्या असतील, हे विचारलं की माणसं चिडतात. याच नारळीकरांनी २००८ साली ज्योतिषांना पत्रिका देऊन हुशार मूल आणि मतिमंद मूल ओळखायला सांगितलं होतं. निकाल छापा-काट्याच्या पुढे गेला नाही. ते मात्र कुणी फॉरवर्ड केलं नाही.

स्पुटनिक, अपोलो, १९७९ ची स्कायलॅबची घबराट, हे सगळं मी ओलांडतो. आकाश पाहण्याचं माझं दशक १९८५ ते १९९५.

हॅलेचा धूमकेतू आला आणि फसवून गेला. १९१० साली त्याची लांबलचक शेपटी पाहिलेले म्हातारे तेव्हा गावात होते. आमच्या वाट्याला पुसट डाग आला, कारण तो सूर्याजवळून गेला तेव्हा पृथ्वी नेमकी सूर्याच्या दुसऱ्या बाजूला होती. तरी दारव्हा रोडला सायकली लावून आम्ही थंडीत उभे राहिलो. वीज गेलेली असायची, त्यामुळे आकाश फुकटात काळंकुट्ट मिळे. १९८६ च्या जानेवारीत तर रेडिओला उसंत नव्हती: २४ तारखेला व्हॉयेजर-२ युरेनसजवळ पोचलं, २८ ला चॅलेंजर सात अंतराळवीरांसह फुटलं. ते सगळं मराठीतून समजावून सांगणारा माणूस तेव्हा मुंबईत होता. नुसती सही मागणाऱ्या मुलांना नारळीकर सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल.

जुलै १९९४ मध्ये शूमेकर-लेव्ही धूमकेतूचे तुकडे आठवडाभर गुरूवर आदळत राहिले. एकेक काळा डाग पृथ्वीएवढा, छोट्या दुर्बिणीतूनही दिसेल असा. आम्हाला दिसले ते ढग. विदर्भातला आषाढ तो! पण त्या आठवड्यात पहिल्यांदा बुलढाण्यातल्या लोणारचा अर्थ लागला. शाळेत मास्तरांनी ते ज्वालामुखीचं विवर म्हणून घोकून घेतलं होतं. वास्तविक १९७३ सालीच, आघाताने काच झालेल्या खनिजांवरून, १.८ किलोमीटर रुंदीचा तो खड्डा उल्केचा असल्याचं सिद्ध झालं होतं. एकवीस वर्षांत ती बातमी लोणारहून यवतमाळला पोचली नाही.

आणि मग १९९५. २१ सप्टेंबरला गणपती दूध प्यायला. रांगेत पदवीधर होते, विज्ञानाचे शिक्षकही होते. त्यांची तोंडं मला अजून आठवतात. महिनाभराने, २४ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत सूर्यग्रहण. राजस्थानपासून बंगालपर्यंतच्या पट्ट्यात खग्रास, आपल्याकडे सकाळी खंडग्रास. पोस्टल ग्राउंडवर आम्ही काळ्या फिल्मचे चष्मे वाटत होतो. अंधश्रद्धा निर्मूलन समितीची माणसं ग्रहण लागलेलं असताना मुद्दाम पोहे खात होती. रस्ते ओस. खिडक्यांना चादरी. आमची आत्या दारातून ओरडत होती, "पोट्ट्या, घरात ये, डोये जातीन!" तिचा राग नाही, बिनचष्म्याने पाहिलं तर डोळे खरंच जातात. राग आहे तो मुलांना चष्मा न देता नुसतं घरात कोंडणाऱ्या शिकलेल्यांचा. पण त्याही सकाळी काही पोरं कुंपणावरून उड्या मारून आली, चंद्राने खाल्लेला सूर्य पाहिला आणि प्रश्न विचारत सुटली. तसे प्रश्न मला पुढे फारसे ऐकू आले नाहीत.

पुढचं थोडक्यात. २००३ साली मंगळ खरोखर जवळ आला, ५.६ कोटी किलोमीटरवर. त्यानंतर दर ऑगस्टला "मंगळ चंद्राएवढा दिसणार" ही थाप न चुकता येते. २००६ ला प्लुटो ग्रहांच्या यादीतून गेला, २००९ मध्ये चांद्रयान-१ मुळे चंद्रावर पाण्याचा पुरावा मिळाला. २०२१ मध्ये वणी-पांढरकवडा भागातल्या शिबला-पार्डीला भूशास्त्राचे अभ्यासक सुरेश चोपणे यांनी षटकोनी खांबांचा बेसाल्ट ओळखला: सहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा निवताना आक्रसून तडकलेला. उत्तर आयर्लंडमध्ये असे खांब पाहायला लोक मुद्दाम जातात. आपल्याकडे काळा दगड म्हणजे गिट्टी.

२०२२ च्या गुढीपाडव्याला संध्याकाळी विदर्भाच्या आकाशातून जळत्या रेघा गेल्या आणि चंद्रपूरच्या लाडबोरीत धातूचं भलं मोठं कडं पडलं. चिनी रॉकेटचा भाग असावा, असा तज्ज्ञांचा अंदाज. लोकांनी मान वर केली ती मोबाईल धरून. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरलं तेव्हा तर क्रिकेटची मॅच जिंकल्यासारखे फटाके फुटले. त्या संध्याकाळी अर्धा चंद्र आकाशात होता. तो शोधायला कोण बाहेर आलं?

२ ऑगस्ट २०२७ ला, सोमवारी, पुन्हा सूर्यग्रहण आहे. इजिप्तमध्ये खग्रास, आपल्याकडे दुपार कलल्यावर थोडंसं खंडग्रास. पावसाळा आहे, ढग असतील. तरी जिल्ह्यातल्या शाळांना विनंती: प्रमाणित चष्मे आधीच मागवून ठेवा आणि त्या दिवशी पोरांना लवकर घरी पाठवू नका.