मांजरा खोऱ्याचं पाणी : शेतातून सोडवायचं तर नेमकं कुठून?

किल्ला, मदरसा आणि बरीदशाही मकबरे बघायला बिदरला येणारी मंडळी नौबादची सुरंग बावी, म्हणजे करेझही बघतात. बिदरच्या पठारावर वरचा थर जांभ्याचा आणि खाली काळा कातळ. पावसाचं पाणी जांभ्यात मुरतं आणि कातळाशी येऊन अडतं. ते पाणी बहमनी काळातल्या कारागिरांनी जमिनीखालच्या बोगद्याने उताराकडे वस्तीला आणलं. पाणी शेताला की माणसाला, हा आजचा वाद त्या वेळी एवढा टोकाचा नव्हता, कारण मोठं धरणच नव्हतं.

हा वाद मांजरा नदीवर मोठी धरणं झाल्यावर आला. निजाम सरकारने 1923 ते 1931 या काळात निजामसागर बांधलं, मुख्य अभियंता नवाब अली नवाज जंग. हेतू होता निजामाबादकडची शेती. पुढे त्याच नदीवर वरच्या अंगाला सिंगूर धरण झालं आणि तिथून हैदराबादला पिण्याचं पाणी जाऊ लागलं. निजामसागरची आवक घटली, झळ बसली ती कालव्याच्या शेवटच्या शेतकऱ्याला. कागदोपत्री त्याचं पाणी कोणी काढून घेतलं नव्हतं, ते त्याच्यापर्यंत पोचेनासं झालं एवढंच. पाणी ‘सोडवण्याची’ ही सगळ्यात जुनी पद्धत.

आता आपल्याकडचं बघू. भालकी तालुक्यात ब्यालहळ्ळीजवळ मांजरेच्या उपनदीवर कारंजा धरण आहे. साठा सुमारे 7.7 टीएमसी. धरण शेतीसाठी, पण बिदर शहरही त्यावरच पाणी पितं. साधा हिशेब करू. 2011 च्या जनगणनेत शहराची वस्ती सुमारे 2.16 लाख. माणशी रोज 135 लिटर या सरकारी मापाने वर्षाला साधारण 1 कोटी 6 लाख घनमीटर पाणी लागतं, म्हणजे 0.38 टीएमसी. पाटाने भिजवलेल्या उसाला हेक्टरी 20 हजार घनमीटर धरलं, तर एवढं पाणी सुमारे 530 हेक्टर ऊस पितो. तेरा-साडेतेराशे एकर झाले. म्हणजे शहराची तहान शेतीच्या मानाने लहान आहे. प्रश्न एवढाच की ते पाणी कोणाच्या वाट्यातून जाणार.

पहिला उपाय सगळे सांगतात तो : कालव्याला अस्तर आणि उसाला ठिबक. यात एक मेख आहे. पाटातून झिरपलेलं पाणी वाया जातं असं नाही. त्यातलं बरंच खालच्या विहिरीत उतरतं आणि दुसरा शेतकरी ते उपसतो. अस्तर केलं की त्याची विहीर आटते. वरच्याने वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ऊस लावला, तर शहराला थेंबही मिळत नाही. खरी बचत तीच, जी बाष्प होऊन उडून जाणारं पाणी वाचवते. म्हणून ठिबक द्यायचं तर लागवडीचं क्षेत्रही बांधून घ्यायला हवं.

दुसरा उपाय पीक बदलण्याचा. ऊस वर्षभर उभा असतो, तूर बहुतेक पावसावर येते. कलबुर्गीच्या तुरीला 2019 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण ऊस लावणारा अडाणी नाही. कारखाना ऊस नेतो, भाव आधी कळतो. तुरीचा भाव दरवर्षी हेलकावे खातो. हमीभावाने खरेदी नक्की झाल्याशिवाय हा बदल शेतकऱ्याच्याच अंगावर येतो.

तिसरा उपाय अदलाबदलीचा, आणि मला तो सगळ्यात रास्त वाटतो. शहराला दिलेल्या पाण्यातलं ढोबळमानाने 80 टक्के सांडपाणी म्हणून परत येतं. बिदरचं धरलं तर 0.3 टीएमसी. नीट शुद्ध करून ते जवळच्या शेतांना दिलं, तर तेवढं धरणाचं पाणी पिण्यासाठी मोकळं होतं आणि शेतकऱ्याला वर्षभर खात्रीचं पाणी मिळतं. खर्च शहराने उचलायचा, कारण फायदा त्याचा.

हे वेळेत न केल्यास काय होतं, ते शेजारच्या लातूरने दाखवलं. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं आणि एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेत पाच लाख लिटर. त्याच खोऱ्यात ऊस मात्र वर्षानुवर्षे वाढत आला होता.

दुष्काळात पिण्याचं पाणी आधी, याबद्दल कोणाचं दुमत नाही. पण हुकूम काढून पाणी उचलणं आणि आधी बोलून, मोजून, मोबदला देऊन ते घेणं, यात फरक आहे. धरणासाठी एकदा जमीन दिलेल्या गावांकडे दुसऱ्यांदा मागताना तरी हिशेब समोर ठेवला पाहिजे.