अनुभव कागदावर उतरविताना

शिक्षण पूर्ण करून नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या तरुणापुढे पहिली अडचण उभी राहते ती अनुभवाची. वास्तविक अनेक उमेदवारांजवळ अनुभव असतो. नसते ती तो मांडण्याची रीत. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ अन्वये कारखान्यात प्रशिक्षण घेतलेले, अथवा राज्य शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेखाली कार्यालयांत व उद्योगांत काम शिकलेले कितीतरी युवक-युवती आपल्या परिचयपत्रात, म्हणजेच बायोडाटामध्ये, त्या साऱ्या कालावधीची एका ओळीत बोळवण करतात आणि हाती असलेली संधी गमावून बसतात.

निवड करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे अर्जांचा ढीग असतो. ‘देखभाल विभागात काम केले’ एवढ्यावरून उमेदवाराला काय येते, हे त्यास कळत नाही. साखर कारखान्यात उमेदवारी केलेल्या जोडाऱ्याने त्याऐवजी असे लिहावे: ‘गळीत हंगामानंतरच्या दुरुस्तीत पंप खोलून बेअरिंग व ग्लँड पॅकिंग बदलले, जोडणीनंतर पंप व मोटार यांचे अलाइनमेंट डायल गेजने तपासले.’ अशा दोन ओळींतून त्याचे कसब स्पष्ट होते.

प्रत्येक नोंदीतून चार प्रश्नांची उत्तरे मिळावीत: काम कोठे केले, किती काळ केले, स्वतः काय केले आणि त्यातून काय निष्पन्न झाले. सर्वांत अलीकडचा अनुभव प्रथम द्यावा. ज्या पदासाठी अर्ज करावयाचा, त्याच्याशी निगडित कामे विस्ताराने व इतर थोडक्यात नमूद करावीत. आकडे द्यावयाचे ते प्रशिक्षणकाळातील नोंदवहीवरून, अंदाजाने नव्हे. यासाठी ही वही जपून ठेवणे अगत्याचे आहे.

तंत्रनिकेतनातील प्रकल्प बहुधा चारपाच विद्यार्थी मिळून पूर्ण करतात. तेथे ‘आम्ही यंत्र तयार केले’ असे मोघम न लिहिता आराखडा, जुळणी वा चाचणी यांपैकी आपला वाटा कोणता, हे सांगावे. सहकाऱ्यांचे श्रेय स्वतःकडे घेतल्यास मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडे पडते.

आणखी एक दक्षता आवश्यक आहे. उपरोक्त अधिनियमाच्या कलम १८ नुसार शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. म्हणून हा कालावधी ‘नोकरी’ या सदरात न दाखविता ‘प्रशिक्षण’ या सदरात दाखवावा. त्यामुळे त्याचे मोल उणावत नाही. उलट प्रमाणपत्रावरील मजकूर व अर्जातील मजकूर यांत मेळ राहतो आणि पडताळणीच्या वेळी अडचण येत नाही.

ग्रामीण भागातील अनेक उमेदवारांच्या पाठीशी शिफारस नसते. त्यांची बाजू मांडणारा हा एक कागदच असतो. तो नेमका व सत्य असेल, तर त्यांनी यंत्रापाशी वा टेबलापाशी घालविलेले महिने वाया जाणार नाहीत.