पतीच्या निधनानंतर प्राप्तिकर : आधी देणे, मग वाटणी

केनवडसारख्या गावात कापड दुकानदाराचा इंतकाल झाला की चाळिसाव्यापर्यंत घरात हिशेबाचा विषय निघत नाही. पुढे मरहूमच्या नावाने कराची नोटीस येते आणि आता आपले दागिने मोडावे लागणार, असे बेवेला वाटते. तसे नाही.

१९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम १५९ ने वारसाची जबाबदारी मरहूमच्या मालमत्तेपुरतीच ठेवली; २०२५ च्या नव्या कायद्यातही तत्त्व तेच आहे. बेवेचे स्वतःचे दागिने किंवा कमाई त्यात येत नाही. मात्र कर थकलेला असताना मालमत्ता विकली किंवा वाटून टाकली, तर तेवढ्या किमतीपुरती ती स्वतः अडकते. शरीअतचा क्रमही असाच आहे: कफन-दफन, मग न दिलेल्या मेहरसह सर्व कर्ज, मग एक तृतीयांशापर्यंत वसीयत आणि शेवटी हिस्से. कर हेही देणेच.

समजा, निधन १० ऑक्टोबरला झाले. १ एप्रिलपासून त्या दिवसापर्यंतचे उत्पन्न मरहूमच्या पॅनवर दाखवून वारसाने विवरणपत्र भरावे. पुढचे उत्पन्न त्यात मिसळू नये. घरभाडे ज्याच्या त्याच्या हिश्श्याप्रमाणे धरावे. मुले असतील तर बेवेचा हिस्सा आठवा, नसतील तर चौथा. अज्ञान मुलांचे असे उत्पन्न आईच्या उत्पन्नात धरले जाते. पत्नी वारल्यास करनियम तेच. पतीचा हिस्सा मुले असल्यास चौथा, नसल्यास निम्मा.

दुकान पुढे चालवणाऱ्याने नवी वही घालावी आणि जीएसटी लागू असल्यास आपल्या नावे नवी नोंदणी घ्यावी. त्यासाठी निधनाच्या दिवशीचा शिल्लक माल, उधारी व गल्ल्यातील रोकड लगेच लिहून ठेवावी. महिन्यानंतर ती कोणालाच आठवत नाही.

वारशाने मिळालेली मालमत्ता हे उत्पन्न नव्हे. मृत्यूनंतरचा संपदा शुल्क कर १९८५ मध्येच रद्द झाला.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत ग्रामपंचायतीत करावी. मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि दोघांचे पॅन घेऊन प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करावी. वडिलांच्या नावाने, जणू ते हयात आहेत अशा थाटात, विवरणपत्र भरत राहणे ही आपल्याकडची नेहमीची चूक, ती टाळावी. शेवटचे विवरणपत्र मंजूर होऊन परतावा मिळेपर्यंत मरहूमचे पॅन रद्द करण्याची घाई नको.