उष्ण किनारपट्टीसाठी घरगुती अळिंबी किट : निवड व निगा

घरगुती अळिंबी किट म्हणजे निर्जंतुक केलेल्या भाताच्या काडात स्पॉन मिसळून, बुरशीचे पांढरे तंतू पूर्ण पसरेपर्यंत वाढविलेली पिशवी. काड भिजविणे, निर्जंतुक करणे, स्पॉन भरणे ही चुका होण्याजोगी कामे आधीच झालेली असतात. घरी केवळ फळधारणेची अवस्था सांभाळावयाची असते. ही अवस्था मात्र तापमानावर अवलंबून असते, आणि किट निवडताना नेमका त्याचाच विचार होत नाही.

चेन्नईत मे महिन्यात दिवसाचे तापमान ३७ ते ३८ अंश सेल्सिअसपर्यंत जाते. जानेवारीतही रात्रीचे तापमान २० अंशांच्या आसपासच राहते. बटण अळिंबीच्या फळधारणेस १४ ते १८ अंश लागतात, त्यामुळे वातानुकूलनाविना तिचे किट तेथे निरुपयोगी ठरते. धिंगरी अळिंबी २० ते ३० अंशांत येते. तिला ईशान्य मोसमी पावसापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ मानवतो. उन्हाळ्यासाठी उरते ती दुधी अळिंबी (कॅलोसायबी इंडिका). पश्चिम बंगालमधून १९७४ मध्ये प्रथम वर्णिलेली ही जात ३० ते ३५ अंशांत उत्तम वाढते. तमिळनाडू कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या 'एपीके-२' वाणामुळे तिची लागवड दक्षिणेत रुळली.

धिंगरीच्या पिशवीला छिद्रे पाडून पाणी फवारले की काम भागते. दुधी अळिंबीचे तसे नाही. पिशवीचे तोंड उघडून त्यावर सुमारे २ सेंटिमीटर जाडीचा मातीचा थर, म्हणजे केसिंग, द्यावा लागतो. ही माती तासभर वाफवून पूर्ण थंड केलेली असावी. खडूची भुकटी मिसळून तिचा सामू ८ च्या जवळ आणावा. थर ओलसर राहावा, चिखल होऊ नये. साधारण ८ ते १० दिवसांत पिनहेड दिसतात व पुढील आठवड्यात काढणी येते. चेन्नईची हवा दमट असली तरी पंख्याखाली ठेवलेली पिशवी सुकते, म्हणून भोवती ओले गोणपाट लावून ८० ते ८५ टक्के आर्द्रता राखावी. हवा कोंडल्यास देठ लांबतात आणि छत्र्या लहान राहतात.

धिंगरीचे किट झोपण्याच्या खोलीत ठेवू नये. छत्रीच्या कडा वर वळण्यापूर्वी काढणी न केल्यास बीजाणू हवेत उडतात व दम्याच्या रुग्णांना त्रास होतो. हिरव्या बुरशीचे डाग दिसताच ती पिशवी इतरांपासून दूर न्यावी. काळी पडून शाईसारखी विरघळणारी, किंवा किटमधील जातीहून वेगळी दिसणारी छत्री उगवल्यास ती कदापि खाऊ नये. विस्तार कार्यकर्त्यांनी हे प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी सांगावे.

कोकण किनारपट्टीवर मार्च ते मे या काळात हेच वेळापत्रक बव्हंशी लागू पडते. विदर्भात उष्णता पुरेशी असते, परंतु हवा कोरडी. तेथे गोणपाट दिवसातून अनेकदा भिजवावे लागते. किट घेताना जातीचे नाव आणि पिशवी भरल्याची तारीख विक्रेत्याकडून लिहून घ्यावी. काढणी संपल्यावर उरलेले काड गांडूळखतासाठी वापरता येते.