बुद्धिबळाच्या डावाचा पाया : मोजक्या प्रारंभरचनांची निवड

बुद्धिबळ हा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या खेळला जाणारा खेळ आहे. जुन्या देशी पद्धतीत प्याद्याला पहिल्या चालीतही एकच घर पुढे सरकता येत असे. त्यामुळे दोन्ही सैन्यांची गाठ सावकाश पडे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मात्र प्याद्याला प्रारंभी दोन घरे पुढे जाता येते आणि तिसऱ्या-चौथ्या चालीतच चकमक झडू लागते. साहजिकच डावाच्या सुरुवातीला विशेष महत्त्व प्राप्त झाले आहे.

शालेय स्पर्धांतून एक गोष्ट वारंवार दिसून येते. चांगली समज असलेला विद्यार्थी पहिल्या दहा चालींतच एखादा मोहरा गमावून बसतो आणि पुढे त्याचे कौशल्य वाया जाते. असे दोन-चार पराभव पदरी आले, की तो पटापासून दूर जातो. हे टाळण्यासाठी त्याला मोजक्या, समजण्यास सोप्या प्रारंभरचना शिकविणे अगत्याचे आहे.

निवडीची कसोटी

नियम व साधे डावपेच अवगत असलेल्या मध्यम दर्जाच्या खेळाडूला तीन रचना पुरेशा होतात : पांढऱ्या मोहऱ्यांसाठी एक, आणि काळ्या मोहऱ्यांनी खेळताना राजासमोरील व वजिरासमोरील प्याद्याच्या चालीला उत्तर म्हणून प्रत्येकी एक. या तिन्ही रचनांमागील विचार शक्यतो एकच असावा, म्हणजे स्मरणशक्तीवर भार पडत नाही. मध्यभागातील डी-४, ई-४, डी-५ व ई-५ या चार घरांवर ताबा ठेवणे, घोडे व उंट लवकर बाहेर काढणे आणि किल्लेकोट करून राजा सुरक्षित करणे ही उद्दिष्टे प्रत्येक रचनेतून साधली गेली पाहिजेत.

पांढऱ्या मोहऱ्यांसाठी

‘लंडन’ नावाने ओळखली जाणारी रचना या दृष्टीने सोयीची आहे. प्रथम प्यादे डी-४ वर न्यावे, मग वजिराच्या बाजूचा उंट एफ-४ वर काढावा आणि त्यानंतरच प्यादे ई-३ वर आणावे. हा क्रम महत्त्वाचा आहे. ई-३ ची चाल आधी केली, तर उंटाची वाट बंद होते. पुढे एक घोडा एफ-३ वर, प्यादे सी-३ वर, दुसरा घोडा डी-२ वर, उरलेला उंट डी-३ वर आणि शेवटी किल्लेकोट. काळ्याने वजीर बी-६ वर आणून बी-२ च्या प्याद्यावर रोख धरल्यास, सी-३ ची चाल झालेली असताना, आपला वजीर बी-३ वर नेणे हे साधे उत्तर आहे. ही रचना केवळ नवशिक्यांची नव्हे. २०२३ मध्ये अस्ताना येथे झालेल्या जगज्जेतेपदाच्या सामन्यातील सहावा डाव डिंग लिरेन यांनी याच रचनेने जिंकला होता.

काळ्या मोहऱ्यांसाठी

पांढऱ्याने ई-४ ने प्रारंभ केल्यास सी-६ व नंतर डी-५ खेळावे. हा ‘कारो-कान’ बचाव होय. पांढऱ्याने प्यादे ई-५ वर पुढे ढकलल्यास आपला उंट एफ-५ वर काढून मग ई-६ करावे. त्याने डी-५ वर मारामारी केल्यास सी प्याद्याने परत मारावे. त्याने घोड्याने ई-४ चे रक्षण केल्यास आपण ते प्यादे मारावे व त्याच्या घोड्याने परत मारल्यावर उंट एफ-५ वर आणावा. घोडा जी-३ वर येऊन उंटावर हल्ला करील, तेव्हा उंट जी-६ वर घ्यावा. त्यानंतर पांढऱ्याने एच-४ केल्यास एच-६ करण्यास विसरू नये. अन्यथा एच-५ च्या चालीने उंट कोंडला जातो.

पांढऱ्याने डी-४ ने प्रारंभ केल्यास डी-५, आणि सी-४ ला उत्तर म्हणून सी-६ खेळावे. यास ‘स्लाव्ह’ बचाव म्हणतात. दोन्ही बाजूंचे घोडे बाहेर आल्यावर सी-४ चे प्यादे मारावे. पांढऱ्याने ए-४ केल्यास उंट एफ-५ वर काढावा. मिळालेले प्यादे हट्टाने राखू नये. उंट घाईने आधीच काढल्यास पांढरा डी-५ वर मारामारी करून वजीर बी-३ वर आणतो आणि बी-७ चे उघडे पडलेले प्यादे धोक्यात येते.

तिन्ही रचनांतील सूत्र आता ध्यानात येईल. सी आणि ई स्तंभांवरील प्याद्यांनी मध्यभागाला आधार द्यावयाचा, पण त्यापूर्वी योग्य वेळी वजिराच्या बाजूचा उंट साखळीबाहेर काढावयाचा. एक तत्त्व समजले, की तिन्ही रचना आपोआप उलगडतात.

अभ्यासाची पद्धत

प्रत्येक विद्यार्थ्याने एक वही ठेवून खेळलेल्या डावांच्या चाली नोंदवाव्यात. आपल्या माहितीबाहेरची पहिली चाल कोणती, तेथे खूण करावी व तिचे उत्तर शिक्षकांसह शोधावे. एक-दोन पराभव झाले म्हणून रचना बदलू नये. निदान वीस-पंचवीस डाव तीच खेळावी. प्रारंभाच्या अभ्यासाला एकूण वेळेच्या चौथ्या हिश्शाहून अधिक वेळ देऊ नये. उरलेला वेळ डावपेच व अंतिम अवस्थेच्या सरावासाठी राखून ठेवावा.

मुंबईच्या रोहिणी खाडिलकर १९८१ मध्ये आशियाई महिला विजेत्या ठरल्या. २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर किताब मिळविला. प्रत्येक विद्यार्थी त्या उंचीवर पोहोचेल असे नाही. परंतु एक पट, एक वही आणि शाळेत किंवा ग्रामपंचायतीच्या वाचनालयात आठवड्यातून दोन तास एवढ्या साधनांवर गावोगावची मुले पहिल्या दहा चाली निर्धास्तपणे खेळू लागतील. त्यानंतरचा डाव त्यांच्या स्वतःच्या बुद्धीचा असेल.