एकच सोडा, ५० फेऱ्या

जगातल्या क्राफ्ट पद्धतीच्या लगदा कारखान्यांतून वर्षाला सुमारे १३० कोटी टन काळं पाणी निघतं. भागाकार करून पाहा: सेकंदाला ४१ टन. दर मिनिटाला ऑलिम्पिकचा एक तलाव जवळजवळ भरेल. कारखान्यात त्याला ब्लॅक लिकर म्हणतात, आणि ते नदीत सोडत नाहीत, जाळतात. त्यातला २० कोटी टन घन ऐवज दरवर्षी भट्टीत जातो. जगातल्या पहिल्या पाच-सहा इंधनांत त्याची गणना होते, तरी पेट्रोलच्या भावावर भांडणाऱ्या आपल्याला त्याचं नावही ठाऊक नसतं.

कार्ल डाल यांनी १८७९ मध्ये डान्झिगला ही पद्धत शोधली. लाकडाच्या ढलप्या कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडच्या द्रावणात शिजवायच्या. लाकडाचा जेमतेम निम्मा भाग तंतू म्हणून हाती लागतो. बाकीचा, मुख्यतः लिग्निन, विरघळून काळ्या पाण्यात जातो. आणि महागडा सोडाही त्यातच अडकतो.

फिनलंडमधल्या एनेकोस्की इथला २०१७ चा कारखाना घ्या. वर्षाला १३ लाख टन लगदा, म्हणजे दिवसाला साधारण ३,७०० टन. टनामागे साडेतीनशे-चारशे किलो अल्कली लागते. ती दररोज विकत आणायची म्हटलं, तर १,४०० टनांची, २०-२२ वाघिणींची मालगाडी रोज फाटकाशी उभी हवी. प्रत्यक्षात चांगल्या कारखान्यात ९७-९८ टक्के रसायन परत मिळतं; तूट भरायला अर्धी वाघीण पुरे. फेरीमागे दोन टक्के गळती धरली, तर सोडियमचा एकेक अणू सरासरी ५० वेळा लाकूड शिजवून मगच कारखाना सोडतो.

काळ्या पाण्यात घन भाग असतो फक्त १५ टक्क्यांच्या आसपास. तो ७५-८० टक्क्यांवर न्यायला एनेकोस्कीएवढ्या कारखान्याला दिवसाला ३९,००० टन पाणी उडवावं लागतं. एकाच भांड्यात उकळलं तर जवळपास तेवढीच वाफ खर्ची पडेल. म्हणून पाच ते सात भांडी ओळीनं, पुढे-पुढे कमी दाबाची: एकाची वाफ दुसऱ्याला तापवते.

मग येतो रिकव्हरी बॉयलर. टॉमलिन्सन यांनी १९३० च्या दशकात कॅनडात त्याला आजचं रूप दिलं. एनेकोस्कीचा बॉयलर दिवसाला ७,२०० टन घन पदार्थ जाळू शकतो, म्हणजे सेकंदाला ८३ किलो. वर लिग्निन जळून वाफ होते, खाली तळाशी वितळलेले क्षार साचतात आणि मिनिटाला सुमारे दोन टन या वेगानं पन्हाळींतून बाहेर वाहतात. वर्षाला वीज होते १८० कोटी युनिट, कारखान्याच्या गरजेच्या जवळपास अडीच पट.

धोका याच तळाशी आहे. ८५० अंशांचा तो लालभडक रस आणि भट्टीच्या भिंतीतलं उच्च दाबाचं पाणी, यांच्यामध्ये पोलादी नळीची काही मिलिमीटर जाडी. नळी फुटली, पाणी रसात पडलं, तर त्याची क्षणात वाफ होऊन सबंध बॉयलर फुटू शकतो. अशा वेळी इंधन तोडून पाणी झटकन काढून टाकायचा नियम आहे, पण सगळं नाही! तळापासून आठ फुटांपर्यंतचं ठेवायचं. ते काढलं तर तापलेल्या रसाशेजारच्या कोरड्या नळ्याच दगा देतील. मला या सगळ्या व्यवहारातला सर्वांत विलक्षण आकडा हे आठ फूटच वाटतात.

पुढचं काम चुन्याचं. क्षार पाण्यात विरघळले की हिरवट द्रावण होतं. त्यात कळीचा चुना टाकला की कॉस्टिक सोडा परत मिळतो आणि चुनखडीचा गाळ खाली बसतो. गाळ भाजला की पुन्हा कळीचा चुना. लगद्याच्या टनामागे असा पाव टन चुना फिरत राहतो.

आपल्याकडे मात्र हे चक्र इथेच अडतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरसारख्या गिरण्या बांबूवर उभ्या राहिल्या, आणि बांबूत वाळूचा मुख्य घटक, सिलिका, लाकडापेक्षा कितीतरी जास्त. ती अल्कलीत विरघळते, बाष्पीभवनाच्या नळ्यांत काचेसारखी चिकटते आणि चुन्याच्या गाळात दर फेरीला साठत जाते. म्हणून बांबू शिजवणाऱ्या कितीतरी भारतीय गिरण्यांना सोडा परत मिळवता आला, पण चुना भाजून पुन्हा वापरता आला नाही. तो गाळ बाहेर टाकायचा नाहीतर सिमेंटवाल्यांना द्यायचा, आणि चुना पुन्हा नवा विकत घ्यायचा.