रानांतील नोंदयंत्र आणि त्याची निगा

महाबळेश्वरास वर्षाकांठीं साडेपांच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. घाट उतरून वाईस यावें, तर तो हजारांच्याही आंत येतो. अवघ्या कांहीं कोसांत एवढा फरक! मग एका गांवच्या पर्जन्यमापकावरून शेजारच्या खोऱ्याचा पाऊस कसा सांगावा? मोजणी जागोजागीं व्हावयास हवी. परंतु निर्जन डोंगरावर रोज सकाळीं साडेआठ वाजतां माप घेण्यास माणूस कोठून आणावा? ही अडचण ज्या उपकरणानें दूर केली, त्यास ‘डेटा लॉगर’ म्हणतात. आपण त्यास नोंदयंत्र म्हणूं.

महाराष्ट्रांत २०१७ सालापासून ‘महावेध’ प्रकल्पाखालीं महसूल मंडळांतून दोन हजारांवर स्वयंचलित हवामान केंद्रें उभीं राहिलीं. हवामानावर आधारलेल्या फळपीक विम्यांत बागाईतदारास भरपाई मिळावयाची कीं नाहीं, हें मुख्यत्वें अशा केंद्रांवरील पाऊस, तपमान व आर्द्रता यांच्या आंकड्यांवरून ठरतें. तेव्हां या यंत्राची निगा हा केवळ कारागिरांचा विषय नव्हे. त्यावर एखाद्या कुटुंबाचें वर्ष अवलंबून असूं शकतें.

या यंत्राचीं मुख्य अंगें चार: मोजणारें उपकरण, घड्याळ, आंकडे सांठविणारी स्मृति आणि बॅटरी. दर दहा मिनिटांस एक नोंद धरली, तर दिवसाच्या १४४ व वर्षाच्या ५२,५६० नोंदी होतात. स्मृति भरली म्हणजे कांहीं यंत्रें थांबतात, तर कांहीं सर्वांत जुनी नोंद पुसून तीवर नवी लिहितात. आपलें यंत्र यांपैकीं कोणतें, हें तें बसविण्यापूर्वींच जाणून घ्यावें.

पाऊस मोजण्याची रीत मोठी गमतीची आहे. नरसाळ्याखालीं तराजूसारखीं दोन लहान पात्रें जोडलेलीं असतात. एक भरलें कीं कलंडतें व दुसरें धारेखालीं येतें. प्रत्येक कलंडणें नोंदयंत्र मोजतें. ही युक्ति इंग्लंडांत ख्रिस्तोफर रेन यानें १६६२ सालींच योजिली होती. नरसाळ्याचें तोंड २०० चौरस सेंटिमीटर असेल, तर अर्धा मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर १० घन सेंटिमीटर पाणी. यावरून परीक्षा सोपी होते. मोजून ५०० घन सेंटिमीटर पाणी तासाभरांत थेंबथेंब सोडावें. पात्र ५० वेळां कलंडलें पाहिजे. घाईनें ओतल्यास पात्र कलंडत असतांना कांहीं पाणी न मोजतांच निघून जातें व गणती कमी भरते.

मात्र ही परीक्षा व साफसफाई करण्यापूर्वीं तारीख व वेळ वहींत लिहावी. नाहीं तर आपण ओतलेलें पाणी वैशाखांतला पाऊस म्हणून कायमचें नोंदलें जाईल!

नरसाळ्यांत पानें, कोळ्याचें जाळें, पक्ष्यांची विष्ठा सांचते. भोंक पुरतें बुजलें, तर धो धो पावसांतही यंत्र शून्य दाखवितें. अर्धवट बुजलें, तर पाऊस थांबल्यावरही तासन्‌तास बारीक रिमझिम दाखवितें. तापमापकावरील पांढऱ्या झडपांवर धूळ बसली म्हणजे त्या उन्हानें तापतात व हवा आहे त्याहून उष्ण दिसते. उंदीर तारा कुरतडतात, म्हणून त्या लोखंडी नळींतून न्याव्या. पेटींतील निळे शोषक दाणे गुलाबी झाले, कीं आंत दमट हवा शिरली असें समजून ते बदलावे व झांकणाचें रबर तपासावें.

सौरपॅनेल ज्येष्ठांत मृगापूर्वीं पुसावें. कारण पुढें अनेक दिवस सूर्यदर्शन होत नाहीं व सर्व भार बॅटरीवर पडतो. बॅटरी बदलण्यापूर्वीं सांठलेले आंकडे उतरवून घ्यावे. घड्याळ प्रत्येक भेटींत भारतीय प्रमाणवेळेशीं ताडावें आणि किती सेकंदांचा फरक पडला तें आधीं लिहून मगच तें लावावें. पुराच्या चौकशींत पाऊस किती पडला याइतकेंच तो केव्हां पडला, यालाही महत्त्व असतें. शेजारीं एक साधा पर्जन्यमापक साक्षीदार म्हणून ठेवल्यास संशय आला असतां निवाडा करतां येतो.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. शाळेच्या हजेरीपटांत गैरहजर मुलाच्या नांवापुढें खूण असते. परंतु ज्या दिवशीं हजेरीच घेतली नाहीं, त्या दिवसाचा रकाना कोरा असतो. या दोहोंचा अर्थ एक नव्हे. त्याचप्रमाणें शून्य म्हणजे पाऊस पडला नाहीं. कोरी जागा म्हणजे आम्हांस ठाऊक नाहीं. यंत्र बंद पडलें असतां त्या जागीं शून्य भरणें, किंवा शेजारच्या केंद्राचा आंकडा कांहीं खुलासा न देतां तेथें घालणें, ही नोंद नव्हे. अशा एका शून्यानें अतिवृष्टि अवर्षण ठरूं शकते, आणि ज्याची बाग गेली त्याच्या हातीं कांहींच पुरावा उरत नाहीं.

यंत्र खोटें बोलत नाहीं, असें आपण सहज म्हणतों. तें खरेंही बोलत नाहीं. जें त्याच्यापर्यंत पोंचतें, तेवढेंच तें लिहितें. त्याच्यापर्यंत योग्य तें पोंचावें यासाठीं वर्षांतून चार खेपा, एक फडकें, एक मोजपात्र आणि एक प्रामाणिक वही एवढें पुरे आहे. ज्या गांवीं असें केंद्र असेल, तेथील जाणत्या मंडळींनीं निदान कुंपणाबाहेरून पाहावें. नरसाळ्यावर झाडाची फांदी आली असेल, किंवा पॅनेलवर वेल चढला असेल, तर संबंधित कचेरीस लेखी कळवावें व त्या पत्राची नक्कल ठेवावी.